मापाला उभी

(फ्रेमवाल्याच्या दुकानामागची खोली. भिंतीला टेकवून ठेवलेली मोठमोठी कृष्णधवल छायाचित्रं, काही फ्रेममध्ये बसवलेली, काही अजून उघडी. खोलीत एकच खुर्ची, तिच्यात आत्या. भाचा उभा.)

आत्या : आणि मी कुठे गेले?

भाचा : कुठे गेलीस म्हणजे? ही काय, बसलीयस खुर्चीत.

आत्या : खुर्चीतली नव्हे रे गुंड्या. टाकीखालची. ह्या पाण्याच्या टाकीखाली, डावीकडच्या खांबापाशी मी उभी होते. दोन वेण्या, हातात पिशवी. खांब आहे, टाकी आहे, टाकीची सावलीसुद्धा जागच्या जागी आहे. मी तेवढी नाही.

भाचा : अगं, तो नमुना आहे. एकच छापून बघितला. तुला चहा सांगू का?

आत्या : आपणहून चहा विचारलास म्हणजे काहीतरी निस्तरायचं आहे. तुझ्या बापाच्या हातून भाड्याची लेन्स फुटली, तेव्हा त्यानं असाच मला चहा करून दिला होता. जन्मात पहिल्यांदा. साखर घालायला विसरला होता. बोल.

भाचा : बोलायचं काय त्यात? ते हॉस्पिटलवाले...

सजावटकार : मी सांगू का? आत येऊ? बाहेर काचांचे नमुने बघत होते, तर तुमचं बोलणं कानावर आलं.

भाचा : या ना मॅडम. आत्या, तुला म्हटलं होतं ना, नवीन हॉस्पिटल होतंय, त्याची आतली सगळी सजावट ह्या करताहेत. बाबांचे फोटो ह्यांनीच निवडले. मॅडम, ही माझी आत्या. बाबांची धाकटी बहीण.

सजावटकार : नमस्कार आजी. तुमच्या भावांचं काम बघून मी अक्षरशः थक्क झाले. त्या काळातल्या काँक्रीटच्या इमारती, त्या सरळसोट रेषा, त्यावरचं ते ऊन. असे फोटो शोधून सापडत नाहीत.

आत्या : नमस्कार. आजी म्हणू नकोस, मला नातवंडं नाहीत. आत्या म्हण, ती ह्याच्यामुळे आयतीच झालेय. आणि सांग, मला पुसलं कुणी?

सजावटकार : तुम्हाला?

भाचा : मॅडम, त्या फोटोंमध्ये जी बाई उभी आहे ना, ती ही.

सजावटकार : अरे देवा! सर, तुम्ही बोलला नाहीत मला.

भाचा : तसा विषय निघाला नाही.

आत्या : ऐका! माझा विषय निघाला नाही. माझ्यावर बोट ठेवून ठेवून हिला काढा, हिलाही काढा असं ठरवलंत, आणि विषय निघाला नाही.

सजावटकार : आत्या, रागावू नका. अजून पक्कं काहीच नाही. कॉम्प्युटरवर काढून एकच छापून बघितला. मूळ निगेटिव्हला आम्ही हातही लावलेला नाही.

आत्या : निगेटिव्ह डब्यात राहते, मुली. भिंतीवर काय लागणार ते बोल.

सजावटकार : बरं, भिंतीचंच बोलते. तळमजल्यावर एक लांबच लांब पॅसेज आहे. पेशंट, त्यांच्या घरचे, सगळे तिथून जाणार. मालकांना तिथं काहीतरी शांत हवंय. इमारत, आकाश, सावली, बस. डोळ्यांना आराम. आणि ह्या प्रत्येक फोटोत एक बाई आहे. एकटी. पाठमोरी. एवढ्या मोकळ्या जागेत एवढीशी. खरं सांगू? मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ही कुठल्यातरी वाईट बातमीची वाट बघतेय.

आत्या : हं. हे मनापासून बोललीस. तसं दिसतं खरं.

भाचा : बघ, तूच म्हणतेस.

आत्या : दिसतं म्हटलं, होतं म्हटलं नाही. त्या टाकीखाली मी शेंगदाणे खात होते. पाठमोरं उभं राहण्याचा तेवढाच फायदा. जबडा मागून दिसत नाही.

सजावटकार : पण मुळात तुम्हाला उभं कशाला करायचे ते? इमारतींचे फोटो काढणारे तर माणसं बाजूला व्हायची वाट बघतात.

आत्या : बाकीचे बघायचे. दादाचं म्हणणं उलटं. माणूस नसला की इमारतीचं माप लागत नाही, असं त्याचं पक्कं मत. आगपेटी का सात मजले, कळणार कसं? म्हणून मी. आम्ही त्याला मापाला उभं राहणं म्हणायचो. शनिवारी रात्री जेवताना तो विचारायचा, उद्या मापाला येतेस का? की मी रविवारी पहाटे कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर टाकून त्याच्या मागे.

सजावटकार : आत्या, पण हॉस्पिटलमध्ये कुणाला उंची मोजायचीय?

आत्या : कुणालाच नाही. तुझं तेही खरं. तुझी काही चूक नाही. तू आपलं काम करतेयस. माझं भांडण ह्याच्याशी आहे.

भाचा : भांडण काय त्यात, आत्या? तूच सांग, चेहरा का नाही दाखवला त्यांनी? तुला पाठमोरीच का उभं केलं?

आत्या : चेहरा आला की लोक चेहरा बघतात. मग इमारतीचे कष्ट वाया. असं तो म्हणायचा. मी पहिल्या दिवशी नवी रिबीन बांधून गेले होते, ती त्यानं सोडायला लावली. म्हणे, नजर रिबिनीवर जाते. मी तिथल्या तिथे रडले होते. आणि तो काय म्हणाला? रडलीस तरी चालेल, खांदे हलवू नकोस.

सजावटकार : बापरे.

आत्या : मग! तुला वाटतं, उभं राहण्यात काय मोठंसं? पोहण्याच्या तलावावरचा तो उंच मनोरा बघ. त्याच्या टोकावर मी आहे. अजून तरी. तलाव अजून कोरडा होता. खाली राखणदार आला, त्यानं बघितलं की एक पोरगी काठावर दगडासारखी उभी, हाक मारली तरी मान वळवत नाही. तो घाबरला बिचारा. खालून ओरडायला लागला, पोरी, मागं हो, आयुष्य लई मोठं आहे, तुला मुलगा मी बघून देतो! दादा तिकडे काळ्या कापडाखाली डोकं घालून हसतोय, आणि मला हसायची चोरी.

भाचा : हे कधी सांगितलं नाहीस.

आत्या : तू कधी मापाचा विषय काढलास? तुझा आपला मघाचाच नियम. विषय निघाला नाही.

सजावटकार : आत्या, एक विचारू? उगाच हसायची चोरी, हलायची चोरी, एवढं कशाला? एका क्षणात तर फोटो होतो.

आत्या : त्याचा नाही व्हायचा. ते बस स्थानक बघ, पातळ छपराचं. छपराखाली कोण दिसतंय?

सजावटकार : तुम्ही. एकट्याच.

आत्या : अर्धं गाव होतं तिथं! पेपरवाले, हमाल, शाळेची पोरं. एक बाई टोपलीत दोन कोंबड्या घेऊन माझ्या पायाशी घुटमळत होती. दादा कॅमेऱ्याचं भोक बारीक करायचा, लेन्सवर काळी काच चढवायचा आणि बराच वेळ उघडं ठेवायचा. येणारीजाणारी माणसं उमटतच नाहीत त्यात. कोंबड्यासुद्धा नाही उमटल्या. जो हलत नाही तो राहतो.

सजावटकार : म्हणजे ही जागा रिकामी नव्हतीच.

आत्या : रिकामी कुठली! एकदा एका कचेरीच्या पायऱ्यांवर माझ्या मानेवर गांधीलमाशी बसली. चावलीसुद्धा. तो फोटो तिसरा, तो खिडक्यांवर उन्हासाठी झडपा असलेला. बघ, मान सरळ आहे की नाही?

भाचा : आत्या, तू हे सगळं सांगतेस, मला ऐकायला बरं वाटतंय. पण तू माझंही ऐक की जरा.

आत्या : ऐकते. बोल.

भाचा : बाबांनी आयुष्यभर हे केलं. आठवडाभर नकाशांच्या खात्यात कारकुनी आणि सुट्टीच्या दिवशी हे. फोटो छापून आले मासिकांत, खाली नाव वास्तुकाराचं. कॅलेंडरवर आले, नाव सिमेंट कंपनीचं. ते गेले तेव्हा ऑफिसच्या फळ्यावर लागलं, निवृत्त कारकून यांचे निधन. फोटोचा एक शब्द नाही. आता पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय, फ्रेम करू, भिंतीवर लावू, प्रत्येक फोटोखाली त्यांचं नाव घालू. रोज हजार माणसं वाचतील. मी ह्याला नाही म्हणू?

आत्या : त्याचं नाव लागावं असं मला वाटत नाही का रे? तो फळा मी पण वाचला होता.

भाचा : मग?

आत्या : मग त्याच्या नावाखाली त्याचाच फोटो लागू दे. हा त्याचा नाही. हा टाकीचा फोटो आहे, सुंदर आहे, कुणीही काढला असता असा आहे.

भाचा : मालक नाही म्हणताहेत ना बाईला! त्यांना रिकामं हवंय. हे नाही तर ते दुसरं काहीतरी लावतील. पानं, फुलं, समुद्र. बाबा परत डब्यात.

आत्या : राहू दे डब्यात. डब्यात अख्खा तरी राहील.

भाचा : आत्या, हट्टाला काही सीमा?

आत्या : नाही. वारसाहक्कानं आलाय.

भाचा : अगं, तुझा चेहरासुद्धा दिसत नाही त्यात! नखाएवढी तू. कुणाला कळणार आहे, तू आहेस का नाहीस?

आत्या : नखाएवढी.

भाचा : तसं नव्हतं म्हणायचं मला.

आत्या : तसंच म्हणायचं होतं. असू दे. बोललास ते बरं झालं. नाही कळणार कुणाला. मला कळणार आहे. गुंड्या, मी टेलिफोनच्या ऑफिसात तीस वर्षं बसले. ह्याला जोड, त्याला जोड. जगाच्या गप्पा झाल्या माझ्या हातून, त्यात माझा शब्द म्हणजे 'थांबा, जोडते'. त्याचं मला काही वाटलं नाही, पगार मिळाला. पण रविवार माझे होते. मैत्रिणी सिनेमाला जायच्या, मी मापाला जायचे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला आवडायचं ते. एवढं थोरलं काहीतरी नव्यानं उभं राहिलंय, आणि त्याच्या जोडीनं, पहिल्याच दिवशी, मी उभी आहे. आता त्यातल्या निम्म्या इमारती पाडल्यात. उरलेल्यांना निळ्या काचा लावून ओळखू येणार नाहीत अशा करून ठेवल्यात. मी तेवढी तशीच आहे. आणि तू म्हणतोस, तीच काढू या.

भाचा : मला वाटलं नव्हतं तुला इतकं लागेल.

आत्या : तू विचारलं असतंस तर मी घरीच नाही म्हटलं असतं. रिक्षाचा हेलपाटा वाचला असता.

सजावटकार : आत्या, मी मधे बोलते, माफ करा. आपण असं केलं तर? काही फोटोंत तुम्ही अगदी बारीक आहात, सावलीत आहात. तिथं राहू द्या. ज्यात खूप नजरेत येतं तेवढ्यातलंच काढू. उदाहरणार्थ हा. ग्रंथालयाचा उतार. हा तर सुधारावाच लागेल, ह्यात दोष आहे.

आत्या : कसला दोष?

सजावटकार : हात हललाय. बघा ना, कमरेपाशी सगळा धूर झालाय. बाकी फोटो इतका नेटका, तो वळत वर जाणारा उतार, तो कठडा. आणि मधेच हे. उभंही जरा वाकडं राहिलंय.

भाचा : हो, हा वेगळ्या डब्यात सापडला. बाबांनी कधी छापलाच नव्हता. पहिल्यांदा मीच बघितला. गांधीलमाशी चावली तरी हलत नव्हतीस ना? मग इथं काय झालं?

आत्या : ती मी नव्हे.

भाचा : म्हणजे?

आत्या : म्हणजे मी नव्हे. मी त्या वेळी गोवरानं अंथरुणात होते. वीस वर्षांची घोडी आणि लहान पोरासारखा गोवर. चष्मा पूस आणि नीट बघ.

भाचा : मला काय कळणार पाठमोऱ्या बाईचं?

आत्या : त्याच उताराच्या वरच्या टोकाचा फोटो तिकडे आहे बघ, कोपऱ्यात, फ्रेम केलेला. त्यात मी आहे. तो नंतर काढला, मी बरी झाल्यावर. कठडा एकच, खालपासून वरपर्यंत एका उंचीचा. माझ्या कुठवर येतो?

भाचा : खांद्याच्या जरा खाली.

आत्या : आणि हिच्या?

भाचा : कोपरापाशी. ही उंच आहे. तुझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे.

आत्या : आमच्या घरात एवढं उंच एकच माणूस आलं होतं. दाराची चौकट लागायची तिला. तुझी उंची कुणाकडून आली, कधी मनात आलं नाही तुझ्या?

भाचा : आत्या.

आत्या : हो. वहिनी.

भाचा : आईचा फोटो नाहीये आत्या. घरात एकही नाही. तो ओळखपत्रावरचा एवढासा, त्यातही अर्धा चेहरा शिक्क्याखाली. मी बाबांना किती वेळा म्हटलं असेल, जगाच्या इमारतींचे काढलेत, आईचा एक नाही काढलात?

आत्या : काढला होता. बिघडला म्हणून ठेवून दिला. आणि नंतर ती गेली, तेव्हा तू चालायलासुद्धा लागला नव्हतास. मग तो डबा त्यानं पुन्हा उघडल्याचं मला आठवत नाही. मी पण आज बघितला, खोलीत शिरल्या शिरल्या. आधी तोच दिसला मला, टाकी नंतर.

सजावटकार : बसता का सर? ती खोकी आहेत, त्यावर बसा.

भाचा : हात का हलला तिचा?

आत्या : दादानं तिला नेलंच नसतं. सातवा महिना होता. पण ग्रंथालय दुसऱ्या दिवशी उघडणार, मग तोरणं, मांडव, मग ती सकाळ गेली ती गेलीच. मी अंथरुणात. तर ही म्हणाली, मी काय नुसते डबेच भरायचे? उभं राहायला मला येत नाही का? आणि गेली. छान उभी राहिली होती म्हणे, खांबासारखी. वाकडी नाही गं मुली, सातव्या महिन्यात असंच उभं राहावं लागतं, कमरेवर भार घेऊन. सगळं ठीक चाललं होतं, आणि तू मारलीस लाथ.

भाचा : मी?

आत्या : नाहीतर कोण? तिचा हात आपसूक पोटाकडे गेला. तो तुझा धूर आहे. परत काढेपर्यंत ऊन फिरलं. दादा रुसला, वाटेत एक अक्षर बोलला नाही. आणि ही घरी येऊन माझ्या पलंगापाशी बसली नि हसून हसून लोटपोट. म्हणे, वन्सं, तुमच्या दादांचं गणित ह्यानं चुकवलं, मापाला एकीला उभी केली होती आणि निघाले दोघं.

सजावटकार : मी ह्याला दोष म्हटलं.

आत्या : त्यानंही म्हटला होता. तुम्ही दोघं कामाची माणसं.

भाचा : हे तू आधी का नाही बोललीस? आल्या आल्या सांगितलं असतंस तर एवढा वाद झालाच नसता.

आत्या : म्हणूनच नाही बोलले. आईचं नाव काढलं असतं तर तू ह्यांना लगेच नाही म्हटलं असतंस, मला ठाऊक होतं. मला बघायचं होतं, माझ्यासाठी म्हणतोस का.

भाचा : आणि मी बाबांच्या नावाचंच बोलत बसलो.

आत्या : हो. माझ्यासाठी काही म्हणाला नाहीस. असू दे. मी काही तुझ्यावर रुसत नाही, ह्या वयात रुसायला कमरेत जोर लागतो. पण खरं ते खरं.

सजावटकार : सर, मी एक सुचवू? हा फोटो आपण बाजूला काढू. मी स्वतः तुम्हाला मोठा करून, चांगल्या लाकडाच्या फ्रेममध्ये बसवून देते, घरात लावा. ह्याला कुणी हात लावणार नाही. आणि बाकीचे आपल्या ठरल्याप्रमाणे पॅसेजसाठी. वडिलांचं नावही लागेल, आईही घरी येईल.

आत्या : हिच्या डोक्याला मानलं पाहिजे.

भाचा : आत्या, तुला काय वाटतं?

आत्या : मी आल्यापासून एकच सांगतेय. मला काय वाटतं ते आता भिंतींना पण पाठ झालं असेल.

भाचा : तू म्हणशील तर...

आत्या : नाही. माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. निगेटिव्ह तुझ्या नावावर आहेत. दादानं तुला दिल्यात, मला नाही. तुझं तू बोल. मी हलत नाही इथून तोवर.

भाचा : मॅडम, तो टाकीचा नमुना परत घ्या.

सजावटकार : बाकीचे?

भाचा : बाकीच्यांतूनही कुणाला काढायचं नाही. जसे आहेत तसे, नाहीतर एकही नाही. मालकांना तसं सांगा.

सजावटकार : सर, ते नाही म्हणतील. मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पॅसेज हातचा जाईल.

भाचा : जाऊ दे.

आत्या : आईसाठी थांबलास.

भाचा : हो. आधी आईसाठीच. खोटं कशाला बोलू? पण मग मनात आलं, ती एक सकाळ उभी राहिली तर मी खोक्यावर बसलो. तू तर त्या अख्ख्या भिंतीभर उभी आहेस, आणि मी तुला चहा विचारत होतो.

आत्या : बरं, पुरे. नाक पूस. मॅडमसमोर शोभत नाही, पन्नाशी उलटली तुझी.

सजावटकार : आत्या, मला एक सांगाल? मघाशी मी म्हटलं, ही बाई वाईट बातमीची वाट बघतेय असं वाटतं. तुम्ही म्हणालात, तसं दिसतं खरं.

आत्या : म्हटलं ना. अजूनही म्हणते.

सजावटकार : ऑपरेशनच्या खोल्यांबाहेर एक जागा आहे. नातेवाईक बसतात ती. तिथल्या भिंतीवर काय लावायचं ते मालकांनी माझ्यावर सोडलंय, त्यांना पॅसेजचीच काळजी. मी तिथं कमळं योजली होती. मग वाटलं, आतमध्ये माणूस कापायला घेतलेला असताना बाहेर कमळं कोण बघेल? तेव्हापासून ती भिंत तशीच पडून आहे.

आत्या : तिथं चालेल मी.

सजावटकार : तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?

आत्या : अगं, तिथं सगळ्यांची तोंडं दाराकडे. कुणी कुणाशी बोलत नाही. माझे यजमान आत होते तेव्हा मी अशाच एका बाकावर बसले होते, समोर होतं औषध कंपनीचं घड्याळ. त्याऐवजी समोर एखादी बाई असती, आपल्यासारखीच उभी, तरी मला चाललं असतं. तिच्या तोंडात शेंगदाणे आहेत हे सांगायची काही गरज नाही.

भाचा : किती लागतील तिथं?

सजावटकार : चार. भिंत लहान आहे, सर. पॅसेजसारखं नाही. हजार माणसं नाही बघणार.

भाचा : चारच?

आत्या : चार म्हणजे पुष्कळ झाले. बसलेलं माणूस एक फोटो तासभर बघतं. पॅसेजमधले हजार काय, पळता पळता बघणार.

सजावटकार : कुठले चार ते तुम्ही सांगा.

भाचा : टाकी, बस स्थानक, तो मनोरा...

आत्या : मनोरा नको. तिथं बसलेल्या माणसाला काठावर उभी असलेली बाई नको. राखणदारासारखं व्हायचं कुणाचं तरी. झडपांची कचेरी लाव. आणि चौथा तुझा तू सांग.

भाचा : उतार. हाताचा धूर तसाच ठेवायचा, मॅडम.

सजावटकार : तसाच. मग घरी एक वेगळा छापून देऊ तुम्हाला?

भाचा : द्या. घरीही हवाय.

सजावटकार : प्रत्येकाखाली पट्टी लागेल. इमारतीचं नाव, वर्ष, छायाचित्रकार म्हणून वडिलांचं नाव. आणि उभ्या असलेल्या बाईंचं? तुमचं घालते मी. वहिनींचंही.

भाचा : घाला. नक्की घाला.

आत्या : नको.

भाचा : आत्या, आता हे काय? एवढं भांडलीस कशासाठी मग?

आत्या : राहण्यासाठी भांडले. नावासाठी नाही. नाव आलं की माणसं वाकून नाव वाचणार, मग मला शोधणार, मग म्हणणार, हीच का ती? दादाची टाकी राहिली बाजूलाच. त्याचं नाव घाला, ते राहून गेलंय बरीच वर्षं. चांगल्या अक्षरात घाला.

सजावटकार : तुम्ही म्हणाल तसं. फ्रेम काळ्या घेऊ की लाकडी?

भाचा : बाबांना काळ्या आवडायच्या. पातळ पट्टीच्या.

सजावटकार : पातळ काळ्या. काच चमक न मारणारी घालते, तिथं वरचे दिवे फार प्रखर आहेत. उंचीचं मी कारागिरांना सांगेन, उभ्या माणसाच्या नजरेला मध्य येईल असं लावतो आम्ही सगळीकडे.

आत्या : सगळीकडे लावा तसं. तिथं जरा खाली लावा, मुली. तिथं माणसं बसून असतात.